मिठाच्या पाण्याच्या गुळण्या

ऋतु पालटला कीं घरोघर जीं लहानमोठीं दुखणीं डोकें वर काढतात, त्यांत घसा धरण्याइतकें परिचयाचें दुखणें दुसरें क्वचितच असेल. रात्रीं जेवतांना घांस गिळावा तों घशांत कुसळ टोचल्यासारखें होतें, सकाळीं उठल्यावर लाळ गिळणेंही नकोसें वाटतें, आणि मग घरांतील वडील मंडळींकडून एकच आज्ञा सुटते : "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर!" या आज्ञेला वैद्य, डॉक्टर, आजीबाई किंवा शेजारीण यांपैकीं कोणाचाच विरोध नसतो. एरव्हीं ज्यांचें एकमेकांशीं कधीं पटत नाहीं, अशा इतक्या लोकांचें ज्यावर एकमत व्हावें असा उपाय खरोखर दुर्मिळच. परंतु ज्या उपायाला कोणी हरकत घेत नाहीं, त्याची कोणी नीटशी चौकशीही करीत नाहीं. गुळणीनें घशाला काय होतें, किती होतें, आणि काय होत नाहीं, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण त्याच्या उत्तरावर कधीं कधीं एखाद्या शाळकरी मुलाच्या हृदयाचें आरोग्य अवलंबून असतें.

चूळ आणि गुळणी यांत मराठी माणूस सहज भेद करतो. चूळ भरावयाची ती तोंड स्वच्छ करण्यासाठीं. गुळणी करावयाची ती घशासाठीं. आपल्या जुन्या वैद्यकानेंही असाच एक भेद केला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत, तोंड इतकें भरावें कीं आंतील द्रव हलवितांही येऊं नये त्याला गंडूष, आणि खळखळवितां येईल इतकाच घ्यावा त्याला कवल, अशी व्याख्या दिलेली आहे. गंडूषाचे स्निग्ध, शमन, शोधन आणि रोपण असे चार प्रकार सांगून कंठाच्या विकारांत कवलाचा उपयोग सांगितला आहे. त्याच ग्रंथांत, पांच वर्षांच्या आंतील मुलास कवल देऊं नये, असा निर्बंधही आहे. आजचा बालरोगतज्ज्ञ नेमकें हेंच सांगतो. फार लहान मुलास पाणी घशाशीं धरून ठेवण्याची कला साधत नाहीं; तें एकतर गिळलें जातें, नाहींतर श्वासनलिकेंत जातें. शेंकडों वर्षांच्या अंतरानें दोन निराळ्या शास्त्रांनीं एकच वयोमर्यादा सांगावी, याचें श्रेय मुलांकडे नीट पाहणाऱ्या डोळ्यांना दिलें पाहिजे.

ही कला आहे तरी काय? मान मागें टाकून घोटभर पाणी घशाच्या तोंडाशीं आणावयाचें आणि जिभेचा मागचा भाग व मऊ टाळू यांच्यामधून हळूहळू श्वास सोडावयाचा. त्या हवेचे बुडबुडे पाण्यांतून वर येतात आणि तो सर्वांच्या ओळखीचा खळखळाट सुरू होतो. खालून हवा येत आहे तोंवर पाणी खालीं उतरत नाहीं. श्वास संपल्यावरही जो मान खालीं करावयास विसरतो त्याला ठसका लागतो. यावरून गुळणीच्या पाण्याची पोंच कोठवर असते हेंही ध्यानांत येईल. मऊ टाळू, पडजीभ, टॉन्सिलच्या गाठींचा पुढील भाग आणि जिभेचें मूळ एवढ्या प्रदेशाला तें न्हाऊं घालतें. त्यामागची घशाची भिंत फार तर थोडीशी भिजते; आणि त्याहून खालीं, जेथें आवाज उत्पन्न होतो त्या स्वरयंत्रापर्यंत, तें मुळींच पोंचत नाहीं. पोंचलें तर ती गुळणी राहणार नाहीं, गुदमरणें होईल!

गाणारे, कीर्तनकार, शिक्षक आणि वक्ते यांची येथें हटकून एक गल्लत होते. घसा धरला आणि घसा बसला, या दोन अवस्था वेगळ्या आहेत. बसलेल्या आवाजाचें ठिकाण स्वरयंत्रांत आहे, आणि त्याला विश्रांतीशिवाय दुसरें फारसें औषध नाहीं. बैठकीपूर्वीं गवयानें कंकोळ वा खडीसाखर तोंडांत धरली तर लाळ सुटते, घसा ओलसर राहतो. तें ठीकच आहे. परंतु सभेंत तास दीड तास ओरडून आवाज घालविल्यावर मोरीपाशीं उभें राहून मोठ्यानें गुळण्या करणें म्हणजे थकलेल्या बैलाला मोटेवरून सोडून लगेच नांगराला जुंपण्यासारखें आहे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, विशेषतः तंबाखू वा विडी-सिगारेटचें व्यसन असणाऱ्याचा, तर त्यानें गुळण्यांत दिवस घालवूं नयेत. तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्यावें.

आतां मिठाकडे वळूं या. शरीरांतील द्रवाच्या तोडीचें मीठ म्हणजे दर लिटर पाण्यास सुमारें ९ ग्रॅम. या हिशेबानें २०० मिलिलिटरच्या पेल्यास दोन ग्रॅमहून किंचित् कमी मीठ पुरतें. चहाच्या चमच्यानें सपाट अर्धा चमचा मीठ घातलें तर पाणी त्याहून थोडें अधिक खारट होतें, आणि तें तसें असणेंच इष्ट. अधिक खारट पाणी सुजलेल्या अस्तरांतील थोडें पाणी आपल्याकडे ओढून घेतें, त्यामुळें घशाचा ताण घटकाभर कमी होतो; चिकट कफ सुटतो; कोमटपणानें शेक मिळतो. कैरीला मीठ चोळून ठेवलें असतां जें पाणी सुटतें, त्याच नियमाचा हा घरगुती दाखला आहे. मात्र म्हणून मूठभर मीठ टाकल्यानें मूठभर गुण येत नाहीं. फार खारट पाण्यानें घसा कोरडा पडतो, आग होते, मळमळतें. तीच गोष्ट उष्णतेची. "सोसवेल तितकें कढत" हा सल्ला घरोघर दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. अगोदरच लाल झालेल्या अस्तराला पोळवून कांहीं साधत नाहीं. मनगटाच्या आंतील बाजूवर थेंब टाकून सुखद वाटेल इतकेंच पाणी कोमट असावें. पंधरावीस सेकंदांची एक, अशा तीनचार गुळण्या एका वेळीं, आणि असें दिवसांतून तीनचार वेळां, हें पुष्कळ झालें. पाणी थुंकून टाकावयाचें, गिळावयाचें नाहीं. मग रक्तदाब असलेल्या माणसानेंही मिठाची धास्ती घेण्याचें कारण उरत नाहीं.

मिठाशिवाय दुसऱ्या पुष्कळ वस्तु घरांत वापरल्या जातात. तुरटी, बाभळीची साल, कात, डाळिंबाची साल, पेरूचीं पानें, त्रिफळा यांची चव पाहिली तर सर्वांचा गुण एकच दिसेल : तुरटपणा. तुरट द्रव्य अस्तरावरील प्रथिनांशीं बांधलें जाऊन वरचा थर आकसतो, झिरपणें कमी होतें, आणि कांहीं काळ बरें वाटतें. ज्येष्ठमधाची साक्ष याहून भक्कम आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीं श्वासनलिकेंत नळी घालावी लागते, त्यामुळें शुद्धीवर आल्यावर रोग्याचा घसा दुखतो. व्हिएन्ना येथें अशा २३६ रोग्यांपैकीं निम्म्यांना भूल देण्यापूर्वीं ज्येष्ठमधाच्या व निम्म्यांना साखरेच्या पाण्याच्या गुळण्या करावयास लाविलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत ज्येष्ठमधाच्या गटांतील घसेदुखीचें प्रमाण जवळजवळ निम्मेंच आढळलें. नळी घासून दुखावलेला घसा आणि रोगजंतूंनीं धरलेला घसा एक नव्हे हें खरें. तरी आजीबाईच्या बटव्यांतील एका काडीला मिळालेलें हें प्रमाणपत्र नाकारण्याचें कारण नाहीं. हळदीविषयीं मात्र हात थोडा आंखडता घ्यावा लागतो. तिचें मुख्य द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं; गुळणी संपते तेव्हां बरीचशी हळद पेल्याच्या बुडाशीं असते आणि उरलेली न्हाणीघराच्या फरशीवर!

दुकानांत मिळणारीं जंतुनाशक आयोडीनयुक्त औषधें गुळण्यांसाठीं सर्रास वापरलीं जातात. साध्या पाण्याहून तीं गुणकारी असलींच पाहिजेत, अशी सर्वांची समजूत असते. गुळण्यांची दैनंदिन संवय ज्या देशांत राष्ट्रीय म्हणावी इतकी रुजलेली आहे, त्या जपानांत ही समजूत कसोटीस लावून पाहण्यांत आली. बाहेरून घरीं आलें कीं हात धुवावे आणि गुळणी करावी, हा तेथें मुलांना लावला जाणारा धडा आहे. १९१८ नंतरच्या इन्फ्ल्युएंझाच्या सांथींत तर सरकारी भित्तिपत्रकांतून मुखपट्टीच्या जोडीनें सकाळ-संध्याकाळच्या गुळण्यांचा उपदेश केलेला होता. २००२-०३ च्या हिंवाळ्यांत ३८७ निरोगी माणसांचे तीन गट पाडण्यांत आले. एकानें साध्या पाण्याच्या, दुसऱ्यानें आयोडीनच्या औषधाच्या गुळण्या रोज निदान तीन वेळां करावयाच्या, आणि तिसऱ्यानें आपला नेहमीचा क्रम चालू ठेवावयाचा. साठ दिवसांअखेर पाण्याच्या गटांत सर्दी-पडशाचें प्रमाण तिसऱ्या गटाहून सुमारें ३६ टक्क्यांनीं कमी आढळलें. आयोडीनच्या गटांत मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. औषध हरलें आणि नळाचें पाणी जिंकलें! तीव्र औषधानें घशांतील निरुपद्रवी, किंबहुना उपकारक, जंतूंचीही वस्ती उठत असावी, असा एक तर्क यावर करण्यांत आला. शिवाय कंठग्रंथीचा विकार असलेल्यांनीं आणि गर्भवती स्त्रियांनीं आयोडीनच्या गुळण्या डॉक्टरांस न विचारतां करीत राहूं नये, हें वेगळेंच.

येथें ध्यानांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, हा प्रयोग निरोगी माणसांवर केलेला होता. दुखणें आल्यावर काय? एडिंबरा येथील एका प्रयोगाचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नुकतेंच पडसें झालेल्या ६६ प्रौढ माणसांपैकीं कांहींना खारट पाण्यानें नाक धुवावयास आणि गुळण्या करावयास लाविलें. त्यांचें दुखणें इतरांहून सरासरीनें सुमारें दोन दिवस अगोदर आटोपलें. तथापि नाक धुणें आणि गुळण्या हीं दोन्हीं एकदम केल्यामुळें श्रेय कोणाला किती, हें त्यावरून ठरत नाहीं.

गुळणीचें खरें स्वरूप जर कोठें स्वच्छ दिसलें असेल तर तें नागपुरांत. कोरोनाच्या सांथींत, २०२१ सालीं, तेथील 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें रोगतपासणीची एक सोपी रीत काढली. नाकांत काडी घालण्याऐवजीं माणसानें मिठाचें पाणी तोंडांत घेऊन पंधरा सेकंद गुळणी करावी आणि तें पाणी नळींत थुंकावें. त्याच पाण्यांत विषाणूचा शोध घेतां येतो. म्हणजे गुळणीच्या पाण्याबरोबर विषाणू खरोखरच बाहेर येतात, हें निर्विवाद. परंतु ज्याच्या घशांतून ते असे बाहेर आले, त्याचा रोग त्यामुळें गेला असें कोणी म्हणालें नाहीं. त्याचा अहवाल 'रोग आहे' असाच आला! कारण विषाणू पेशींच्या आंत शिरून तेथें वाढत असतात, आणि पाणी धुतें तें पृष्ठभाग. तत्पूर्वीं ऑगस्ट २०२० मध्यें जपानांतील ओसाका प्रांताच्या राज्यपालांनीं आयोडीनच्या गुळण्यांनीं थुंकींतील कोरोनाचे विषाणू कमी होतात असें जाहीर केलें, आणि पाहतां पाहतां दुकानांतून तें औषध नाहींसें झालें. हा औषधोपचार नव्हे, असा खुलासा मागाहून त्यांनाच करावा लागला. धुतलेली थुंकी स्वच्छ असणारच. अंगण झाडलें म्हणजे घरांतला चोर गेला असें होत नाहीं.

आणि आतां त्या महत्त्वाच्या प्रश्नाकडे. घसा धरण्याचीं बहुतेक प्रकरणें विषाणूंचीं असतात. नाक वाहतें, खोकला येतो, आवाज घोगरा होतो, आणि आठवड्याभरांत सर्व आपोआप शमतें. तेथें गुळण्या हव्या तितक्या कराव्या. त्या सुख देतात, आणि दुखणेंही आपल्या पायांनीं निघून जातें. अशा घशाला प्रतिजैविक औषधांचा कांहींएक उपयोग नसतो. जवळच्या दुकानांतून दोन दिवसांच्या गोळ्या आणून घेण्याची शहरांतील रीत निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक आहे. परंतु पांच ते पंधरा वर्षांच्या वयांत कांहीं घसे निराळ्या कारणानें धरतात. स्ट्रेप्टोकॉकस नांवाचा एक जीवाणू आहे. त्याचें दुखणें एकाएकीं येतें. ताप चढतो, गिळतांना फार दुखतें, टॉन्सिल लाल होऊन सुजतात, पुष्कळदां त्यांवर पांढरट पुवाचे ठिपके दिसतात, जबड्याखालीं मानेंत गांठी येतात व हात लावल्यास दुखतात, आणि खोकला मात्र नसतो. हा खोकल्याचा अभाव फसवा आहे. खोकला नाहीं म्हणून घरचीं माणसें निश्चिंत होतात, आणि नेमका तोच डॉक्टरांच्या मनांत संशय उत्पन्न करतो.

हा घसाही चारसहा दिवसांत बरा झालेला दिसतो. गुळण्या केल्या, गुण आला, असें सर्वांस वाटतें. त्यानंतर दोनतीन आठवडे गेल्यावर कांहीं थोड्या मुलांत दुसरेंच संकट उभें राहतें. पुनः ताप येतो. आज गुडघा, उद्यां घोटा, परवां मनगट असे सांधे सुजतात. आणि शरीरानें जंतूविरुद्ध उभारलेली फळी चुकून स्वतःच्याच हृदयावर चालून जाते. यालाच ऱ्हुमॅटिक ज्वर म्हणतात. सांध्यांची सूज मागमूस न ठेवतां निघून जाते, हृदयाच्या झडपांवरील वण मात्र मागें राहूं शकतो. पुढें जिना चढतांना धाप लागणारी तरुण मुलगी, बाळंतपणांत जिचें हृदय कमी पडतें ती सून, झडप रुंद करण्यासाठीं वा बदलण्यासाठीं रुग्णालयांत पडलेला तिशींतला गृहस्थ, यांच्या दुखण्याचें मूळ कित्येकदां शाळेच्या वयांत धरलेल्या एका घशांत असतें. भारतांत हा रोग अजून नामशेष झालेला नाहीं. ज्याला एकदां हा ज्वर येऊन गेला, त्याला पुनः येऊं नये म्हणून दर तीनचार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षें टोंचून घ्यावी लागते.

हें टाळतां येतें, आणि टाळण्याचा उपाय महागही नाहीं. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आंत पेनिसिलिन सुरू झालें तरी हा ज्वर बहुधा टळतो. म्हणजे घाबरून मध्यरात्रीं धांवपळ करण्याचें कारण नाहीं, आणि आठ दिवस गुळण्यांवर काढण्याचीही सोय नाहीं. वरील लक्षणें असतील तर एकदोन दिवसांत मुलाला डॉक्टरांस दाखवावें. घशांतील स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो तपासतां येतो; त्याआधीं जंतुनाशक औषधाच्या गुळण्या करूं नयेत, नाहींतर तपासणी फसते. पूर्वीं हें भाग्य नव्हतें. १९४० च्या दशकांत पेनिसिलिन उपलब्ध होईपर्यंत डॉक्टरांच्याही हातीं गुळण्या, आयोडीन व ग्लिसरिन यांचा तो तपकिरी लेप आणि अखेरच्या कांहीं वर्षांत सल्फाच्या गोळ्या, यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. त्या काळीं आजीचा पेला आणि डॉक्टरांची बाटली यांत जें अंतर होतें तें चवीचेंच. आज तसें नाहीं.

आणखी एक दोन प्रसंग असे आहेत कीं ज्यांत गुळणीचा पेला बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें. घशांत करडा, चिकटून बसलेला पापुद्रा दिसला तर घटसर्पाची शंका घ्यावी. लस पूर्ण न झालेल्या मुलांत तो अजूनही आढळतो, आणि पांचव्या-सहाव्या वर्षींची व त्यापुढील दहाव्या व सोळाव्या वर्षींची मात्रा शहरांतील सुशिक्षित घरांतही विसरली जाते. तोंड उघडतां न येणें, लाळ गिळतां न आल्यामुळें ती बाहेर गळणें, श्वास घेतांना घोरल्यासारखा आवाज होणें, मान एका बाजूस आंखडणें, हींही तशींच लक्षणें.

समजा, नऊ वर्षांच्या मुलाचा घसा असा तपासून घेतला आणि डॉक्टरांनीं दहा दिवसांचें पेनिसिलिन दिलें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ताप उतरतो. मुलगा उठून खेळूं लागतो, भात मागतो, अभ्यासाची टाळाटाळ करूं लागतो. सारांश, सर्व प्रकारें बरा होतो. हा दिवस मोठ्या सावधगिरीचा. आजी म्हणते, "अरे, गुळण्यांनींच उतार पडला, आतां तीं कडक औषधें कशाला?" आईलाही तें पटतें, आणि उरलेलें औषध कपाटांत जाऊन बसतें. घशाच्या खोल खांचांतून जंतु निःशेष होण्यास ते पूर्ण दहा दिवस लागतात. तेव्हां औषधाच्या वेळा कागदावर लिहून तो कागद स्वयंपाकघरांत, मिठाच्या बरणीशेजारींच, लावून ठेवावा. आजीनें सकाळ-संध्याकाळ पाणी कोमट करून द्यावें, आईनें त्याच वेळीं औषध द्यावें, आणि प्रत्येक मात्रेगणिक एक याप्रमाणें मुलानें स्वतःच्या हातानें त्या कागदावर खुणा कराव्या.